पाणी जड की प्रशासन जड?

अमळनेरच्या ढेकू रोड, पिंपळे रोड, धुळे रोड या भागांत गेल्या काही वर्षांत वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या. ज्या घरांना कूपनलिकेच्या पाण्यावर भागवावे लागते, तेथील गृहिणींची कैफियत एकसारखी असते. नळाच्या तोटीवर पांढरे पुट चढते, गीझरची कॉइल अकाली निकामी होते, तूरडाळ शिजता शिजत नाही आणि कितीही घासले तरी साबणाला फेस येत नाही. ज्या अमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने आजची विप्रो जन्माला आली आणि वनस्पती तुपाबरोबर कपडे धुण्याचा साबणही तयार होऊ लागला, त्याच गावाच्या नशिबी हे यावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा!

शालेय पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आणि तापीखोऱ्याच्या गाळातून झिरपताना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. साबण त्या क्षारांशी संयोग पावतो आणि फेसाऐवजी साका धरतो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने जातो. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जात नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा तसाच राहतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकानुसार एकूण काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेता येते.

दिसणारे आणि न दिसणारे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जड पाणी हा संसाराला जाच आहे, परंतु ते विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणास्तव काठिण्याची कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा असतो. फुटक्या गटारातून जलवाहिनीत शिरणारे जंतू तोटीवर पुट धरत नाहीत. रासायनिक खतांतून व सांडपाण्यातून भूजलात उतरणाऱ्या नायट्रेटला ना रंग, ना वास. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच ते हिरावून घेते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

नेमक्या याच अज्ञानावर एक बाजारपेठ उभी आहे. शुद्धीकरण यंत्राचा विक्रेता दारी येतो, पेल्यातल्या पाण्यात विजेच्या दोन सळ्या बुडवतो आणि क्षणार्धात पाणी तपकिरी, हिरवट होते. घरातील माणसे हादरतात. वास्तविक तो रंग विजेमुळे झिजणाऱ्या लोखंडी सळीचा असतो! यंत्रातल्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. त्याच्या हातातील टीडीएसची पेन्सिल पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जंतूंविषयी मात्र अवाक्षर काढत नाही. घरगुती आरओ यंत्र एका लिटरसाठी साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडते. पाणी जपून वापरण्याचे धडे ज्या खानदेशाला दुष्काळाने दिले, तेथे ही उधळपट्टी! विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये उगाच दिले नव्हते. कूपनलिकेचे पाणी खरोखरच त्याहून खारट असेल तर यंत्र जरूर घ्यावे. पण ते प्रयोगशाळेचा अहवाल पाहून, सळीचा खेळ पाहून नव्हे.

कर्तव्य कोणाचे?

मग हा अहवाल कोणी द्यायचा? येथेच खरी मेख आहे. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने पाणीपुरवठा हा विषय नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवला आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांतील जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. म्हणजे आपल्या गावचे पाणी कितपत सुरक्षित आहे, हे खेड्यातल्या शेतकऱ्याला एका रंगावरून कळू शकते. घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्या, डोक्यावर कर्ज घेऊन घर बांधणाऱ्या शहरी वसाहतीच्या दारावर कोणत्या रंगाचे कार्ड लागते?

निधी नाही, हे उत्तर येईल. तापीवरील पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीस हाती घेतला गेला. पाव शतक उलटले तरी तालुका त्याच्याकडे डोळे लावून बसला आहे. धरणाला हजारो कोटी लागतात, हे मान्य. परंतु पाण्याची चाचणी करून तिचा निकाल फलकावर लावायला किती कोटी लागतात? २०२४ साली ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिमाखात पार पाडणाऱ्या नगरीला एक फलक जड जावा?

दोष एकट्या प्रशासनाचाही नाही. मध्यमवर्गाने यंत्र विकत घेतले, थंड पाण्याचा जार लावला आणि प्रश्न सुटला असे मानले. ज्याच्याकडे यंत्राचे पैसे नाहीत, त्या धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या मुलाने कोणते पाणी प्यायचे? समाज एक आहे असे व्यासपीठावरून म्हणायचे आणि पाणी मात्र ऐपतीप्रमाणे प्यायचे, ही विसंगती आपल्याला टोचली पाहिजे. प्रताप शेठजींनी आपले धन स्वतःच्या वाड्यापुरते ठेवले असते, तर अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले नसते.

आता कामाला लागू या

प्रत्येक वसाहतीतील चार जणांनी पुढे यावे. सामाईक कूपनलिकेच्या पाण्याची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर शासकीय प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. काठिण्य, नायट्रेट, फ्लोराइड व जंतू यांचे आकडे प्रवेशद्वारी लावावेत. छतावरील पावसाचे पाणी गाळून कूपनलिकेत सोडावे. पावसाचे पाणी मुळात सुफेन असल्याने जमिनीतील क्षारांची तीव्रता त्याने कमी होते. नगरपालिकेकडे माहिती अधिकार कायद्यान्वये प्रभागनिहाय चाचणी अहवाल मागावेत. ओ.टी. चाचणी कोणत्या दिवशी, कोणत्या नळावर झाली आणि शेवटच्या घरापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक होते का, हे लेखी विचारावे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्याही पक्षाचा असो, हाच कागद ठेवावा. उत्तर मिळेपर्यंत विचारणे थांबवू नये.