खड्ड्यातली तिसरी केबल

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली लाईट सलग एकोणीस तास गेली होती. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. होस्टेलवाल्यांना तर हसूच येईल. पण मंडळी, आमची गल्ली म्हणजे साधीसुधी गल्ली नव्हे! दोन वर्षांपूर्वी तिथले खांब काढून सगळ्या तारा जमिनीखाली नेल्या. नारळ फुटला, फलक लागला, पेढे वाटले गेले. शेजारच्या काकूंनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच गच्चीवर निर्धास्तपणे कुरडया घातल्या, कारण कठड्यापासून हातभर अंतरावरून जाणारी ११ केव्हीची लाईन एकदाची हटली होती. ‘आता वादळ येवो नाहीतर झाड पडो, लाईट जाणार नाही,’ असं त्या दिवशी भाषणात सांगितलेलं मला चांगलं आठवतंय.

वादळ आलं नाही. झाडही पडलं नाही. आला तो जेसीबी.

पावसाळी गटाराचं काम होतं. जेसीबीच्या दातानं केबलचं वरचं आवरण फक्त खरवडलं. त्या दिवशी लाईट गेली नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. माती ओढली, पेव्हर ब्लॉक बसवले, काम फत्ते. पुढे तीन आठवडे पाऊस मुरत राहिला आणि एका रात्री दोन वाजता केबल फुटली. मग फॉल्ट शोधणारी व्हॅन आली. ती केबलमध्ये हाय व्होल्टेजचे ठोके सोडते आणि एक जण जमिनीला कान लावल्यासारखा यंत्र घेऊन ‘धप्प’ कुठे ऐकू येतं ते शोधत फिरतो. आपण लॅबमध्ये मरे लूप टेस्ट करून पाच मिनिटांत ‘फॉल्ट ॲट सो मेनी मीटर्स’ लिहितो ना, ते भर पावसात, रिक्षांच्या आवाजात करून बघा एकदा!

दुपारपर्यंत जागा सापडली, खड्डा खणला. खाली गुडघाभर पाणी आणि त्यात तीन केबली. जॉइंटर खाली उतरला आणि त्यानं वर बघून विचारलं, “यातली आपली कोणती?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. साहेबांच्या मोबाईलमध्ये ड्रॉइंगचा फोटो होता. ड्रॉइंगमध्ये दोन केबली, खड्ड्यात तीन. तिसरी जुनी, बंद पडलेली असेल, किंवा शेजारच्या फीडरची, जिवंत असेल. शेवटी आसपासचे सगळे फीडर बंद करायला लावले, अर्धा परिसर अंधारात गेला, लोकांचे शिव्याशाप सुरू झाले. तरीही कापायच्या आधी तो माणूस हातात हॅकसॉ धरून क्षणभर थांबला. आम्ही छत्र्या घेऊन खड्ड्याच्या कडेनं उभे होतो. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे तो का थांबला ते मला कळत होतं, आणि ते कळत होतं म्हणूनच पोटात गोळा आला.

काही झालं नाही. जॉइंट झाला, रात्री नवाला लाईट आली. गल्लीत टाळ्या वाजल्या.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ही बाई खांबांची वकिली करणार. मुळीच नाही. तारा जमिनीखाली गेल्याच पाहिजेत अशा जागा आपल्याकडे भरपूर आहेत. मुंबईत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज जमिनीखालूनच येते. गिरगावात वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला पहिल्या वर्षी इथल्या खांबावरचा तारांचा गुंता बघून वाटलं होतं, की कुठेतरी बिघाड झालाय! आणि उपनगरांत, जुन्या गावठाणांत बघा. ११ केव्हीच्या लाईनपासून इमारत आडव्या मापानं निदान १.२ मीटर दूर हवी, हा नियम जुना आहे. पण आधी लाईन येते, मग मजला चढतो, मग गॅलरी पुढे येते. शेवटी तारेला हात पुरतो. पतंग काढायला गेलेलं पोर, गच्चीवर लोखंडी सळई उचलणारा गवंडी, गणपतीच्या मिरवणुकीत बांबूनं तार वर उचलून धरणारा कार्यकर्ता... अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

माझा मामा साताऱ्याकडे वीज कंपनीत लाइनमन आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा राज्यभरातून माणसं कोकणात पाठवली होती, त्यात तोही होता. परत आला तेव्हा रापून काळा ठिक्कर झालेला. खांब नुसते पडले नव्हते, म्हणाला, पिळले होते. नारळ-पोफळीच्या बागांत शिरायला आधी झाडं कापायची, मग खांब खांद्यावर न्यायचा, मग खड्डा. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. किनाऱ्यालगतच्या अलिबागेत चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून तारा जमिनीखाली नेण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते का, हे त्याला विचारावं!

पण गंमत म्हणजे याच मामाला जमिनीखालची केबल आवडत नाही. मी एकदा मोठ्या ऐटीत त्याला अंडरग्राउंडचे फायदे सांगायला गेले, तर म्हणाला, “तुमची पुस्तकं बरोबर आहेत गं. पण वरची तार मला दिसते. तुटली तर दिसते, झोळ आला तर दिसतो. खालचं सगळं कागदावर, आणि कागद कुठाय?”

या एका वाक्यानं माझा सेमिनार कोसळला.

पुस्तकातल्या भाषेत बोलायचं तर ओव्हरहेड लाईनवरचे बहुतेक फॉल्ट तात्पुरते असतात. फांदी घासली, पक्षी बसला, ब्रेकर ट्रिप झाला, पुन्हा चढवला की लाईन चालू. केबलचा फॉल्ट मात्र कायमचा. इन्सुलेशन एकदा जळलं की खणा, कापा, जोडा. म्हणजे केबल टाकून फॉल्टची संख्या घटते, पण प्रत्येक फॉल्ट महाग आणि लांबलचक होतो. यावर उपाय आहेच, रिंग मेन. दोन्ही बाजूंनी वीज येऊ शकेल असं जाळं करायचं, म्हणजे मधला तुकडा मेला तरी दुसरीकडून फिरवता येतं. पण नुसत्या तारा खाली ढकलायच्या आणि जाळं तेच ‘एका टोकाला सुरू, दुसऱ्या टोकाला संपलं’ ठेवायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. आमच्या गल्लीत नेमकं तेच झालंय.

उष्णतेचं तर आपण विसरूनच जातो. उघड्या तारेला हवा फुकट थंड करते. जमिनीतल्या केबलची उष्णता मातीतून जायला हवी, म्हणून खाली-वर वाळू, मग विटा किंवा फरशा, आणि ११ केव्हीला निदान ९० सेंटिमीटर खोली, असं आपलं भारतीय मानक सांगतं. पुण्यात दोन फुटांवर काळा कातळ लागतो. कातळ लागला की ठेकेदाराला ९० सेंटिमीटरचा विसर पडतो. वाळूऐवजी खणलेलीच माती-दगड परत लोटतात. केबल गुपचूप गरम होत राहते आणि वर आपण पेव्हर ब्लॉक बघून खूश. पूर येणाऱ्या भागात आणखी एक प्रश्न. केबल पाण्यात तग धरते, पण जमिनीलगतचा फीडर पिलर आणि सबस्टेशन धरत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईकरांनी हे अनुभवलंच आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. केबलला खांबापेक्षा कित्येक पट खर्च येतो. महावितरणच्या क्षेत्रात एका वर्गातल्या ग्राहकाला राज्यभर सारखाच दर असतो. म्हणजे शहरातल्या एखाद्या उच्चभ्रू सोसायटीच्या ‘सौंदर्यीकरणा’चा खर्च वीजदरात घातला, तर तो गडचिरोलीतल्या घरानंही भरायचा. मला हे पटत नाही. जिथे माणसाचा जीव जातो तिथे सगळ्यांनी मिळून खर्च करू: दाट वस्ती, गावठाण, शाळेचा रस्ता, मिरवणुकीचा मार्ग, वादळाचा किनारा. ज्यांना फक्त फोटोत तारा नको आहेत त्यांनी आपापल्या खिशात हात घालावा. आणि जिथे रस्ता रुंद, घरं विरळ, तिथे खांबावरच इन्सुलेशन असलेली पिळाची एबी केबल टाकली तरी निम्मी भीती जाते. आकडे टाकणाऱ्यांचीही पंचाईत होते, हा वरचा फायदा! (आपल्या वसतिगृहामागच्या टपरीवाल्यानं हा परिच्छेद वाचू नये.) जपान एवढा श्रीमंत देश, पण टोकियोच्या गल्ल्या अजून खांबांनी भरलेल्या आहेत. तिथे खांब हटवण्यासाठी २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला.

या सगळ्या वादात एक गोष्ट वाचनात आली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टेलिग्राफ, टेलिफोन आणि दिव्यांच्या तारांचं अक्षरशः छप्पर झालं होतं. तारा जमिनीखाली न्याव्यात असा कायदा १८८४ मध्येच झाला होता, पण कंपन्या ढिम्म. मार्च १८८८ च्या हिमवादळात ते छप्पर कोसळलं, तरी काम रखडतच होतं. मग ११ ऑक्टोबर १८८९ ला जॉन फीक्स नावाचा टेलिग्राफचा लाइनमन खांबावर चढला. ज्या तारेत करंट नसायला हवा होता, तिला कुठेतरी दिव्याची हाय व्होल्टेज तार टेकली होती. भर दुपारी, गर्दीच्या डोळ्यांदेखत त्याचा मृतदेह बराच वेळ तारांत लटकत राहिला. त्यानंतर मात्र महापौरांनी खांब कापायला माणसं पाठवली.

वाचताना मला मामा आठवला आणि तो खड्ड्यातला जॉइंटरही. फीक्सला आपल्या हातातली तार मेलेली आहे की जिवंत, हे माहीत नव्हतं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आमच्या गल्लीतल्या माणसालाही तेच माहीत नव्हतं. फरक एवढाच, की फीक्स वर होता आणि हा खाली. तारा पुरून आपण धोका गच्चीवरून उचलला आणि खड्ड्यात नेऊन ठेवला. गच्चीवरच्या काकू सुटल्या, चांगलंच झालं. पण खड्ड्यात उतरणाऱ्याचं काय? तो सहसा ठेकेदाराचा माणूस असतो आणि फलकाच्या उद्घाटनाला त्याला कुणी बोलावत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की केबल टाकणाऱ्याला बिल द्यायच्या आधी नकाशा मागा. कुठून गेली, किती खोल, जॉइंट कुठे, शेजारी काय आहे, सगळं मोजून, खड्डा उघडा असतानाच. खड्डा बुजल्यावर काढलेलं ‘ॲज बिल्ट’ ड्रॉइंग म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या जर्नलसारखं, आदल्या वर्षीच्या मुलाचं बघून उतरवलेलं. आणि हा नकाशा पाणी, गटार, गॅस, इंटरनेट, वीज सगळ्यांचा एकच हवा. खणताना एकमेकांना कळवण्यासाठी केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. बेशिस्त खोदाईनं देशाचं दरवर्षी सुमारे ३००० कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. ॲप चांगलंच आहे, पण ज्याच्या मालकीची केबल आहे त्यालाच ती कुठे आहे हे ठाऊक नसेल तर ॲप तरी काय उत्तर देणार?

दुसरी मागणी डक्टची. रस्ता काँक्रीटचा करताना कडेला रिकामे पाइप टाकून ठेवायला किती खर्च येतो? रस्त्याच्या मानानं किरकोळ. पुढे केबल बदलायची तर ओढून काढायची, नवी ओढून घालायची, रस्ता शाबूत. आणि केबल टीव्ही-इंटरनेटवाल्यांनाही त्याच डक्टमध्ये भाड्यानं जागा द्यायची. नाहीतर खांब जातात आणि त्यांच्या वायरी झाडाझाडांवरून लोंबत राहतात, हेही आमच्या गल्लीत रोज दिसतं. आपल्याकडे मात्र आधी काँक्रीट, मग सहा महिन्यांनी कटर, मग डांबराचं ठिगळ.

हे सगळं महापालिकेला आणि वीज कंपनीला सुनावणं सोपं आहे. म्हणून मी आधी आपल्याच कॉलेजच्या मेंटेनन्स ऑफिसात जाऊन विचारलं, सबस्टेशनपासून नव्या वर्कशॉपपर्यंतची केबल कुठून जाते? काकांनी खिडकीतून हात केला आणि म्हणाले, “ही अशी... त्या गुलमोहराच्या अलीकडून.” गुलमोहर दोन वर्षांपूर्वी तोडलाय.

तेव्हा सिव्हिलच्या दोघी आणि इलेक्ट्रिकलच्या आम्ही तिघं मिळून मिनी प्रोजेक्ट म्हणून कॅम्पसच्या पोटातला नकाशा काढतोय. सर्व्हे लॅबचं टोटल स्टेशन शनिवारी मिळतं, केबल लोकेटर सरांच्या ओळखीनं दोन दिवस मिळाला. आतापर्यंत सहा केबल मार्कर सापडले, त्यातले दोन पार्किंगच्या ब्लॉकखाली, आणि एक केबल अशी सापडलीय जिची दोन्ही टोकं कुठे जातात ते कळलेलं नाही. कुणाच्या घरी बाबा, काका, माजी विद्यार्थी असलेला दादा यांच्याकडे कॅम्पसची जुनी ड्रॉइंगं असतील, तर मशीन्स लॅबमध्ये आणून द्या. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत करू.