त्याला 'औषध' म्हणणं आधी बंद करा

"डॉक्टर, परवा पोरीनं उंदराचं औषध चाटलं. दोन उलट्या झाल्या, पण काल दिवसभर छान खेळली. आज परत मलूल वाटतेय म्हणून आणली."

अशा अर्थाचं वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की आता ते ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो. 'काल छान खेळली' हे ऐकून त्यांना धीर येतो, मला येत नाही. का, ते सांगतो.

बाजारात उंदरांसाठी ट्यूबमधून जी पेस्ट मिळते, तिच्यात बऱ्याचदा पिवळा फॉस्फरस असतो. आपण ती टोमॅटोच्या फोडीला, पावाच्या तुकड्याला लावतो आणि ओट्याखाली ठेवतो. म्हणजे रांगणाऱ्या पोराच्या हाताशी, त्याच्या आवडीच्या खाऊवर. ती पोटात गेली की पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. मग एक ते तीन दिवस जवळजवळ काहीच होत नाही. मूल जेवतं, खेळतं आणि घरचे देवापुढे साखर ठेवतात. नेमक्या त्याच दिवसांत लिव्हरच्या पेशी मरत असतात. मग डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासं होतं, मूल गुंगीत जातं. या विषाला उतारा नाही. आम्ही फक्त शरीराला टेकू देत राहतो, आणि काहींच्या बाबतीत लिव्हर बदलण्यावाचून मार्ग उरत नाही. ते किती जणांच्या आवाक्यात असतं, तुम्हीच सांगा.

आणि अशा वस्तूला आपण 'औषध' म्हणतो! उंदराचं औषध, झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध. हा काही नुसता शब्दाचा कीस नाही. औषध म्हटलं की ती वस्तू फडताळात तापाच्या गोळ्यांशेजारी जाऊन बसते. उरलेला फवारा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवला जातो. 'विष' म्हटलं असतं तर ते मीठ-मसाल्याच्या डब्यांमागे ठेवायला तुमचा हात धजला असता का? शिवाय घरात कुणीतरी रागाच्या, निराशेच्या भरात असतं तेव्हाही ही ट्यूब हाताशीच असते. तो एक क्षण टळला तर माणूस वाचतो, हे आम्ही डॉक्टर रोज बघतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांची तऱ्हा याहून वाईट. त्यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. त्या गोळ्या बंद गोदामात, प्रशिक्षित माणसांनी वापरायच्या आहेत. तुम्ही गव्हाच्या कोठीत त्या टाकता आणि त्याच खोलीत मुलांना घेऊन झोपता. दुकानदार सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतो, त्यावर ना नाव, ना इशारा. त्याला जाब कोण विचारणार? ढेकणांवर घरोघर मारलं जाणारं डायक्लोरव्हॉस तर सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केलं आहे. तरी 'जुना स्टॉक आहे, जालीम आहे' म्हणून कुणी देत असेल, तर घेऊ नका.

"मग काय डॉक्टर, उंदरांबरोबर संसार करायचा?" अजिबात नाही. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो, झुरळांच्या विष्ठेनं आणि झडलेल्या कातीनं मुलांचा दमा उसळतो. ते घरात नकोतच. माझं म्हणणं एवढंच, की विषानं ते घराबाहेर राहत नाहीत. विष फार तर आत आलेल्यांना मारतं. दार उघडंच असेल तर उद्या दुसरे येतात.

झुरळाचंच घ्या. स्वयंपाकघरात दिसणाऱ्या लहान तपकिरी झुरळाची मादी एका कोषात तीस-चाळीस अंडी बाळगते आणि त्या कोषाच्या आत फवारा पोचत नाही. वास ओसरला की नवी पिल्लं हजर. उरलेली तोवर पाइपावरून शेजाऱ्यांकडे गेलेली असतात, आणि शेजाऱ्यांनी फवारलं की परत तुमच्याकडे. वर्षाचं कंत्राट देणाऱ्याला हे परवडतं. तुम्हाला का परवडावं?

पेन्सिल जाईल एवढी फट उंदराच्या पिल्लाला पुरते. तेव्हा रात्री घरातला दिवा लावून बाहेरून दाराकडे बघा. खालून उजेड दिसतो का? तिथे पत्र्याची पट्टी ठोका, नुसतं रबर उंदीर कुरतडतो. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. मोरीला बारीक जाळी बसवा. रात्री खरकटी भांडी ठेवू नका आणि ओटा कोरडा करा. झुरळ अन्नाशिवाय आठवडे काढतं, पाण्याशिवाय फार दिवस काढू शकत नाही, त्यामुळे गळका नळ म्हणजे त्यांची पाणपोईच. धान्य उन्हं देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आत आलेल्या उंदरासाठी पिंजरा किंवा चाप आहे. झुरळांसाठी जेल वापरायचं तर ठिपके बिजागरीच्या आत, मुलांचं बोट पोचणार नाही तिथे लावा. तेही विषच आहे, पण निदान हवेत उडत नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. भिंतीची भोकं बुजवणं हे घरमालकाचं काम आहे, आणि कचऱ्याची खोली, डक्ट, गटाराची झाकणं हे सोसायटीचं. सभेत रंगाच्या शेडवर दोन तास वाद घालता, पाच मिनिटं यावरही घाला. आमच्या सोसायटीत मी हे बोललो तेव्हा लोक हसले होते. पण डक्टला जाळी बसली.

आणि घरात कुणाच्या पोटात विष गेलंच, किंवा गेल्याची नुसती शंका आली, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप, लिंबू काही देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. केकसारखे ठोकळे खाल्ले असतील तर पहिल्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो, दोन दिवसांनी तो पुन्हा करावा लागतो. त्या विषाला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पेस्टला नाही. म्हणूनच नेमकं काय खाल्लं हे आम्हाला कळायला हवं. येताना ती ट्यूब, डबी, पुडी जे असेल ते सोबत आणा, रिकामी असली तरी.