औषधाचे खरकटे

आपल्या घरांतून एके काळी ‘खरकटे’ या एका शब्दाभोवती स्वयंपाकघराचे सारे धर्मशास्त्र फिरत असे. शिजलेल्या अन्नाचा कण ज्याला लागला ते भांडे खरकटे, त्या भांड्याला ज्याचा स्पर्श झाला तो हात खरकटा, आणि त्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवणे हा तर अक्षम्य अपराध. कारण एका शितानेही वर्षाचे लोणचे नासते, हे आजीने कोणत्या ग्रंथात वाचलेले नसले तरी अनुभवाने पुरते जाणलेले असे. या आचारात रूढीचा भाग किती आणि आरोग्यशास्त्राचा किती, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र डोळ्यांना न दिसणारा अंश एका पदार्थातून दुसऱ्यात जाऊन त्याची हानी करू शकतो, ही जी मूळ कल्पना त्या शब्दात आहे, तीच औषधांच्या कारखान्यातील एका अत्यंत महत्त्वाच्या आणि तितक्याच उपेक्षित कामाच्या मुळाशी आहे. ते काम म्हणजे एका औषधाची गोळी बाहेर पडल्यावर आणि दुसऱ्या औषधाची गोळी त्याच यंत्रात पडण्यापूर्वी ते यंत्र धुणे.

औषधाच्या दुकानातून आपण जी गुलाबी, पिवळी वा शुभ्र गुळगुळीत गोळी आणतो, तिची ती कांती तिच्या अंगची नसते. दाबयंत्रातून निघालेली गोळी खडूच्या तुकड्यासारखी रुक्ष असते. तिचा कडूपणा झाकावा, तिला दमट हवेपासून जपावे, किंवा ती जठरात न विरघळता थेट आतड्यात जाऊन विरघळावी, अशा हेतूंनी तिच्यावर एक पातळ वेष्टन चढवितात. पूर्वी हे वेष्टन साखरेच्या पाकाचे, थरावर थर चढवून केलेले असे. १९५० च्या दशकापासून त्याची जागा बहुलकाच्या तलम पापुद्र्याने घेण्यास सुरुवात केली आणि आज गोळीच्या वजनात जेमतेम दोन-तीन टक्क्यांची भर घालणारे हे आवरणच सर्वत्र रूढ आहे. छिद्रे पाडलेले पोलादी पिंप, म्हणजे कोटिंग पॅन, आडवे फिरत राहते, आत लाखो गोळ्या एकमेकींवरून घरंगळत असतात, वरून स्प्रे गनमधून रंगीत द्रावणाचे तुषार पडतात आणि ऊन हवेचा झोत ते तत्काळ वाळवितो. पण जो तुषार गोळीवर वाळतो तोच पिंपाच्या भिंतीवर, गोळ्या परतणाऱ्या बॅफलच्या पाठीमागे, गनच्या तोंडाशी आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळातही वाळतो. बॅच संपते, गोळ्या निघून जातात, आणि मागे राहते ते हे खरकटे.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कारखाना दाखविण्याच्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हे काम प्रथम जवळून पाहिले. जव्हारकडचा, विशी-बाविशीचा एक कंत्राटी हेल्पर पिंपाच्या तोंडातून अर्धा आत वाकून नळीने पाणी मारीत होता. पाणी कढत होते, वाफेने त्याची मुखपट्टी भिजून गेली होती, आणि भिंतीवरचा पांढरा थर सुटण्याऐवजी शिजलेल्या साबुदाण्यासारखा गिळगिळीत होऊन छिद्राछिद्रांत बसत होता. तेवढ्यात पर्यवेक्षक आले. ‘‘एसओपीत गार पाणी लिहिलंय ना? वाचलं नाहीस?’’ असे त्यांनी चढ्या आवाजात विचारले. ‘‘साहेब, चिकट गरम पाण्यानंच निघतं म्हणून सोडलं,’’ तो म्हणाला. त्याचे म्हणणे घरच्या तेलकट कढईपुरते अगदी रास्त होते. एसओपी, म्हणजे कामाची ती लेखी कार्यपद्धती, समोरच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात लावलेली होती. ती सात पानांची होती आणि सबंध इंग्रजीत होती. त्या दिवशी दोन तासांचे काम चार तास चालले.

त्या तरुणाला जे कोणी सांगितले नव्हते ते असे. आवरणासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा पदार्थ हायप्रोमेलोज हा वनस्पतींच्या सेल्युलोजपासून करतात आणि त्याचा स्वभाव मोठा विपरीत आहे: गार पाण्यात तो मुकाट्याने विरघळतो, पण पाणी साठ अंशांच्या आसपास तापले की विरघळण्याचे नाकारून त्याचा जेल बनतो. म्हणून त्याला आधी गार किंवा फार तर कोमट पाण्यानेच भिजवून सोडवावे लागते. ऊन पाण्याची पाळी त्यानंतर. जठरातील आम्लाला दाद न देता आतड्यातच विरघळणाऱ्या गोळ्यांचे आवरण याहून निराळे. त्याला नुसते पाणी, गार असो वा ऊन, काहीच करू शकत नाही. जे आम्लात टिकावे आणि आम्लता ओसरलेल्या आतड्यात विरावे म्हणूनच योजले गेले, ते पिंपावरून काढायचे तर तिथेही अल्कधर्मी द्रावणच न्यावे लागते. येथे निसर्गाचा आणि कारखान्याचा न्याय एकच आहे, आणि जो गोळी शरीरात कुठे विरघळते हे समजून घेईल त्याला यंत्र कशाने धुवावे हे निम्मे कळले असे खुशाल समजावे. तिसरा मामला रंगाचा. गोळीला अपारदर्शक शुभ्रता देणारा टायटॅनियम डायऑक्साइड हा नेहमीच्या कोणत्याही आम्लात वा अल्कलीत विरघळतच नाही; बहुलक निघून गेल्यावरही तो पोलादावर राखी धुक्यासारखा चिकटून राहतो आणि त्याला पृष्ठभागापासून उचलून पाण्यात तरंगत ठेवणारे योग्य डिटर्जंट व मनगटातील जोर या दोहोंखेरीज गत्यंतर नसते.

कोणी म्हणेल की हा पांढरा रंग आणि हे सेल्युलोज पोटात गेले तरी निरुपद्रवीच आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की हा पापुद्रा एकटा नसतो. पिंपात गोळ्या घासतात, त्यांची धूळ उडते आणि ओल्या थरात रुतून त्याच्यासह वाळते. म्हणजे भिंतीवर जो निरुपद्रवी पांढरा लेप दिसतो त्याच्या पोटात मागील औषध दडलेले असते. मागील बॅच मधुमेहाच्या औषधाची आणि पुढील एखाद्या साध्या वेदनाशामकाची असेल, तर तो लेप कोणाच्या गोळीवर उतरेल आणि त्या माणसाची प्रकृती कशी असेल, हे कोण सांगणार?

म्हणूनच ‘दिसायला स्वच्छ’ एवढ्यावर या शास्त्राचे समाधान होत नाही. किती अवशेष चालेल याचे जे ठोकताळे १९९३ साली अमेरिकेत मांडले गेले आणि जगभर रूढ झाले, त्यांत पहिला डोळ्यांचा, म्हणजे पृष्ठभागावर काही दिसता कामा नये. दुसरा, पुढील औषधाच्या एका किलोत मागील औषध दहा मिलिग्रॅमहून अधिक जाऊ नये. आणि तिसरा, मागील औषधाच्या मात्रेचा हजारावा भागसुद्धा पुढील औषधाच्या दिवसभराच्या मात्रेत येऊ नये. चांगल्या प्रकाशात माणसाच्या डोळ्याला चौरस सेंटीमीटरला सुमारे चार मायक्रोग्रॅम अवशेष दिसू शकतो असे मानतात, आणि ही काही लहानसहान तीक्ष्णता नव्हे. परंतु थायरॉइडच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनची गोळीच मुळी पंचवीस मायक्रोग्रॅमची असू शकते. तिचा हजारावा भाग म्हणजे पंचवीस नॅनोग्रॅम, आणि तेथे डोळ्यांची ग्वाही कवडीमोल ठरते. मग नेमून दिलेल्या जागी, बहुधा जिथे नळीचे पाणी सहसा पोहोचत नाही अशा बॅफलच्या पाठीशी, ओल्या फायाने ठरावीक क्षेत्र पुसून तो फाया प्रयोगशाळेत पाठवितात. अलीकडे तर युरोपीय नियामकांनी प्रत्येक औषधाच्या विषारीपणाचा स्वतंत्र विचार करून मर्यादा ठरविण्याचा दंडक घातला आहे.

हे सारे नियम कागदावर आपोआप उतरलेले नाहीत. १९८८ साली अमेरिकेत कोलेस्टिरामीन हे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध बाजारातून परत बोलवावे लागले, कारण त्याच्या कच्च्या मालात शेतीच्या कीटकनाशकांतील द्रव्यांचा अंश सापडला. कीटकनाशकाच्या कामातील द्रावक साठवलेली पिंपे पुढे औषधाच्या कामातील द्रावकासाठी वापरली गेली होती. पिंपे बदलली नाहीत, एवढीच काय ती कथा. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे औषध-प्रशासनाची दुरवस्था उघडी पडली. ते प्रकरण खरकट्या यंत्राचे नव्हते, हे मी जाणतो. पण तेथे मृत्यू मोजता आले म्हणून चौकशी झाली. यंत्रावरच्या अवशेषाची हानी अशी एका ठिकाणी, एका आठवड्यात मोजता येत नाही. ती शेकडो गावांतील हजारो माणसांच्या देहांत अल्पस्वल्प वाटली जाते, तिची फिर्याद कोणी देत नाही, आणि म्हणून तिचा बंदोबस्त फिर्यादीची वाट न पाहता करावा लागतो.

आपला कायदा याबाबत मुका आहे असे नाही. औषधांच्या निर्मितीचे नियम सांगणारी ‘अनुसूची एम’ केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आमूलाग्र बदलली, मोठ्या कारखान्यांना ती सहा महिन्यांत लागू केली, आणि ज्या लहान व मध्यम कारखान्यांनी सुधारणेचा आराखडा सादर केला त्यांना २०२५ च्या अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली. स्वच्छतेची पद्धत लेखी असावी, ती सप्रमाण सिद्ध केलेली असावी, तिची नोंद दप्तरी राहावी, हे सारे तीत आहे. परंतु कायद्याचा हात दप्तरापर्यंत पोहोचतो. नळी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचायला त्याला आणखी एक मजल मारावी लागते, आणि नेमकी तीच आपण मारलेली नाही.

कारखान्यात जो गोळी बनवितो तो ऑपरेटर. तो कायम नोकरीत, गणवेशावर नाव असलेला. जो यंत्र धुतो तो हेल्पर; तो बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा, रोजंदारीचा. उत्पादनाच्या तक्त्यात बॅचचे तास ‘काम’ या सदरात आणि धुण्याचे तास ‘खोळंबा’ या सदरात मोडतात, आणि ज्या गोष्टीचे नावच खोळंबा ती आटोपती घेण्याकडे प्रत्येकाचा कल असावा यात नवल ते काय! या वहिवाटीत मला आपल्या समाजाची एक जुनी खोड स्पष्ट दिसते. खरकट्याचे शास्त्र आपण बारकाईने रचले, पण खरकटे काढणाऱ्याला पंगतीच्या बाहेरच ठेवले; शुद्धता सर्वांना हवी होती, फक्त ती निर्माण करणारा हात कोणाला जवळ नको होता.

यावर कारखानदारांचे एक उत्तर असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. माणसाचा हात चुकतो, म्हणून आता यंत्रालाच धुण्याची सोय जोडली आहे, असे ते म्हणतात. बटण दाबताच आतील फवारे ठरलेल्या तापमानाचे पाणी ठरलेला वेळ मारतात आणि प्रत्येक वेळी एकसारखे मारतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु फवाऱ्यालाही सावली असते. पाणी ज्या बाजूने येते तिच्या उलट अंगाला थर तसाच राहतो, गनची तोंडे सुटी करून हातानेच घासावी लागतात, आणि तापमान ठरविणारा माणूसच जर गार-ऊन पाण्याचे मर्म जाणत नसेल तर ते यंत्र तीच चूक न थकता करीत राहील. शिवाय अशी यंत्रे घेण्याची ऐपत नसलेले लहान कारखाने आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गोळ्याही आपल्याच घरी येतात.

तेव्हा माझे मागणे फार मोठ्या खर्चाचे नाही. धुण्याची कार्यपद्धती धुणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत, आपल्याकडे मराठीत वा हिंदीत लिहावी, आणि तीत केवळ ‘गार पाणी वापरावे’ हा हुकूम न देता ‘ऊन पाण्याने थराचा जेल होतो’ हे कारणही एका ओळीत द्यावे; हुकूम घाईत विसरला जातो, पण समजलेले कारण सहसा विसरले जात नाही. यंत्र धुण्याचे तास उत्पादनाच्या तासांतच धरावेत, म्हणजे ते चोरण्याचा मोह कोणाला होणार नाही. धुणारा माणूस कंत्राटावर सहा महिन्यांनी बदलणारा नसावा. त्याला शिकवावे, त्याची परीक्षा घ्यावी आणि त्या कसबाचा वेगळा दर द्यावा. आणि अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक तपासणीस आला की त्याने नोंदवहीवरच्या सह्या पाहून झाल्यावर त्या हेल्परला बोलावून एकच प्रश्न विचारावा: हा थर असाच का धुतोस?

त्या भेटीच्या दिवशी मी पर्यवेक्षकांच्या परवानगीने त्या तरुणाला हायप्रोमेलोजची चिमूटभर भुकटी दोन पेल्यांत, एकात गार आणि एकात कढत पाण्यात टाकून दाखविली. गार पाण्यातली ढवळता ढवळता दिसेनाशी झाली. कढत पाण्यातली न विरघळता पांढरी गढूळ तरंगत राहिली. तो ते दोन पेले बराच वेळ पाहत उभा राहिला. मग, ‘‘घरी भाताच्या पातेल्यात आई आधी गार पाणीच ओतते,’’ असे काहीसे स्वतःशीच म्हणाला, आणि नळाकडे जाऊन त्याने पुन्हा पाणी सोडले. या वेळी मात्र पिंपाकडे नळी वळविण्याआधी त्याने हातमोजा मागे सारून ते क्षणभर मनगटावर घेऊन पाहिले.