रक्ताच्या आजाराला रक्ताचे नाते पुरत नाही

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की पहिले आठ दिवस घरात माणसांची रीघ लागते. मंगळवार पेठेत तर विचारायलाच नको. मिरजकर तिकटीवर बातमी पोचायचा अवकाश, भावकी, तालमीतली पोरे, गल्लीतल्या बायका सगळे दारात हजर होतात. ही माया खोटी नसते. पण पंधरवडा उलटतो, रीघ ओसरते आणि आजार मात्र तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार साधारणपणे दोन ते अडीच वर्षे चालतो. एवढा काळ केवळ सहानुभूतीवर निघत नाही. अशा घराला वाटून घेतलेल्या कामांची गरज असते, आणि त्यातले एक मोठे काम सख्ख्यांनी नव्हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करायचे असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे का, हे समजण्यासाठी आजाराची थोडी माहिती हवी. आपले रक्त हाडांच्या आतील मज्जेत तयार होते. ल्युकेमियात रोगट पेशी तिथे गर्दी करतात. अप्लास्टिक ॲनिमियात तो कारखानाच बंद पडतो. परिणाम एकच. तांबड्या पेशी कमी झाल्याने दम लागतो, पांढऱ्या पेशी कमी झाल्याने जंतूंशी लढण्याची ताकद जाते आणि प्लेटलेट कमी झाल्याने रक्तस्राव होऊ लागतो. ल्युकेमियावरील केमोथेरपीमुळे रोगट पेशी मरतात, पण काही काळ चांगल्या पेशीही घटतात. त्या दिवसांत रुग्णाला बाहेरून रक्त आणि प्लेटलेट पुरवाव्या लागतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

येथेच आपली नेहमीची पद्धत अपुरी पडते. शिवजयंतीला, गणेशोत्सवात आपली मंडळे रक्तदान शिबिरे घेतात. एका दिवसात कितीतरी बाटल्या जमतात. हे काम मोलाचेच आहे. परंतु तांबड्या पेशी रक्तपेढीत पाच ते सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट मात्र जेमतेम पाच दिवस. म्हणजे शिवजयंतीच्या प्लेटलेट पुढच्या महिन्यातल्या रुग्णाच्या उपयोगाच्या नाहीत. त्याला दाता हवा असतो तो त्या आठवड्यात, कित्येकदा त्याच दिवशी.

म्हणून घरातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात वही घेऊन बसावे. रुग्णाच्या रक्तगटाला चालतील अशा वीस-पंचवीस जणांची नावे, फोन नंबर आणि सवडीचे वार लिहावेत. कोणता गट चालेल हे रक्तपेढीत विचारून घ्यावे. यंत्राद्वारे प्लेटलेट देणारा १८ ते ६० वर्षे वयाचा, ५० किलोपेक्षा अधिक वजनाचा आणि निरोगी असावा लागतो. आधीच्या तीन दिवसांत त्याने ॲस्पिरिन घेतलेले नसावे. यंत्र फक्त प्लेटलेट काढून घेते आणि बाकीचे रक्त दात्याला परत देते; एक ते दीड तास लागतो. दोन वेळांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर, आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा नाही आणि वर्षात २४ पेक्षा अधिक वेळा नाही, असा नियम आहे. संपूर्ण रक्त देणाऱ्या पुरुषाला पुढे तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. तेव्हा सगळ्यांनी एकाच दिवशी धावून जाणे म्हणजे पुढच्या तीन महिन्यांची शिल्लक एका दिवसात संपवणे होय.

पैसे टाकून रक्त देणारा माणूस आणावा, असा विचार कुणी करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर देशात बंदी आली, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे ही जबाबदारी समाजावर आली, हे आपण पुरेसे ओळखलेले नाही.

आता सख्ख्यांविषयी. भावाला रक्त लागणार म्हटले की सख्खा भाऊ सर्वांच्या आधी बाही वर करतो. त्याची तळमळ समजते, पण पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करण्याची शक्यता असेल तर त्याने थांबले पाहिजे. जवळच्या नातेवाइकाचे रक्त आधीच दिले गेल्यास रुग्णाचे शरीर त्या पेशी ओळखून ठेवते आणि पुढे त्याच माणसाची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. शिवाय सख्ख्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. म्हणून आई-वडील, भाऊ-बहीण, मुले यांनी रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय रक्त वा प्लेटलेट देऊ नयेत. सख्ख्याने मज्जा राखावी आणि शेजाऱ्याने रक्त द्यावे, अशी ही वाटणी आहे.

मज्जा देण्याची वेळ आली तर मात्र सख्ख्यांनी मागे सरू नये. आपल्या देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण होती ल्युकेमियाची नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली होती तिच्या भावाने. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अर्धी जुळणारी मज्जाही आता काही रुग्णांना देता येते, त्यामुळे आई-वडील आणि मुलेही दाते होऊ शकतात. मज्जा दिल्याने माणूस कायमचा अधू होतो, ही समजूत खोटी आहे. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. हल्ली तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतूनच मूळ पेशी घेतल्या जातात.

भेटायला जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. हा आजार रुग्णाकडून आपल्याला होत नाही, पण आपली सर्दी त्याला महागात पडू शकते. खोकला, ताप, जुलाब असेल तर जाऊ नये. हात धुऊन, तोंडाला मास्क लावून, थोडाच वेळ बसावे. गंगावेशीतले धारोष्ण दूध पैलवानाला चालत असेल, पण पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ते विषासमान ठरू शकते. दूध उकळलेलेच हवे, जेवण ताजे आणि नीट शिजलेले हवे. गाड्यावरचा रस, कापून ठेवलेली फळे नकोत. पपईच्या पानांचा रस, कुणी सांगितलेल्या पुड्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा.

रुग्णापासून आजार लपवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. "रक्त कमी झालंय, दुसरं काही नाही" असे सांगून दाराआड कुजबुज चालते. रुग्णाला ते कळतेच, फक्त बोलायला कुणी उरत नाही. 'अखियों के झरोखों से' या १९७८ च्या चित्रपटाने ल्युकेमिया म्हणजे अकाली मृत्यू हेच चित्र कितीतरी जणांच्या मनावर ठसवले. आज परिस्थिती तशी नाही. चांगल्या केंद्रात वेळेवर उपचार मिळालेली बहुसंख्य लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची मुले बरी होतात. मायलॉइड ल्युकेमियाच्या दीर्घकालीन प्रकारातले कितीतरी रुग्ण रोजच्या गोळीवर कामधंदा करतात. अर्थात सर्वच बरे होत नाहीत. म्हणूनच खरे सांगावे, झेपेल तेवढे सांगावे, पण खोटे सांगू नये.

राहिली ती रुग्णाजवळ बसणारी बाई. बहुतेक घरांत ती आई किंवा बायको असते. महालक्ष्मी एक्सप्रेसने परळला जायचे, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत वा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळते का पाहायचे, रिपोर्ट सांभाळायचे, आणि मागे घरी मुलांची शाळा. तिला "काही लागलं तर सांगा" म्हणून भागत नाही. ती सांगत नसते. तिला म्हणावे, "वहिनी, मंगळवार-शुक्रवारचा डबा आमच्याकडून. शनिवारी रात्री दवाखान्यात मी बसतो, तुम्ही झोपा." एकाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे काम अंगावर घ्यावे. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे आणि ते उपचार सुरू होण्यापूर्वीच भेटावे.

पेठेतल्या तालमींना आमची एक सूचना आहे. वर्षातून एकदा शिबिर जरूर घ्या, पण त्याच दिवशी बारमाही प्लेटलेट दात्यांची यादीही करा. नाव, रक्तगट, फोन आणि सवडीचा वार. यादी तालमीच्या भिंतीवर न लावता एका जबाबदार कार्यकर्त्याकडे ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. याला खर्च एका वहीचा आहे. फुटबॉलच्या सामन्याला दोन तासांत हजार माणूस गोळा करणाऱ्या पेठेला पंचवीस दाते वर्षभर तयार ठेवणे अवघड जाऊ नये.