परवचा आणि गृहपाठ

दिवेलागण झाली की हातपाय धुऊन देवापुढे बसावे, शुभंकरोती म्हणावी, तिथी-वार-नक्षत्रांची उजळणी करावी आणि मग पाढे. पुढे पावकी, निमकी, दीडकी. मराठी घरांतून यास परवचा म्हणत. त्याला वही नसे, शिकवणी तर नसेच. आजी स्वयंपाकघरातून नुसता कान देई. नातू कुठे अडखळला, हे निरक्षर आजीलाही नेमके कळे. मुलाच्या अभ्यासाची घटका ठरलेली असावी आणि ऐकणारे कोणी घरात असावे, याहून निराळे शास्त्र त्यात नव्हते.

गृहपाठाने ही घटका घालवली आणि पाने मोजायला शिकवले. प्राथमिक वर्गांना असा गृहपाठ नको, असे प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच सुचवले होते. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानेही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीस आठवड्याला फार तर दोन तास, असे सांगितले. आठवड्याला, दिवसाला नव्हे! तरीही यवतमाळसारख्या शहरातील मध्यमवर्गीय घरात संध्याकाळी काय दिसते? शाळेमागून शिकवणी, शिकवणीमागून वही, आणि अखेर पेंगुळलेल्या मुलाच्या प्रकल्पात रंग भरणारी आई. गुण मात्र मुलाला.

घाटंजी, केळापूर, झरी जामणीच्या खेड्यांत चित्र अगदी उलट. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की शाळेतून परतलेल्या मुलाला दाराची कडी लावलेली दिसते. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आत मावळतो. वेचणीहून आलेली आई आधी चूल पेटवणार. वही केव्हा पाहणार? कोलामांच्या पोडावर तर घरची भाषा कोलामी आणि पुस्तक मराठी. अशा घरी ‘पालकांची सही आणा’ असे फर्मावणे म्हणजे मुलाच्या आईबापांना रोज खाली मान घालायला लावणे होय. घरी कोणीतरी वाचणारे, मोकळे बसलेले आहे, असे गृहपाठ गृहीत धरतो. आणि जेथे ते नाही तेथे मूलच आळशी ठरते.

यावर उपाय शाळेच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या सभामंडपात होऊ शकतो. शाळा सुटताच मुलांना पुन्हा पाटीवर बसवणे मात्र निर्दयपणाचे आहे. आधी मूठभर शेंगदाणे-गूळ, मग मनसोक्त खेळ आणि उजेड असेतो अर्धा तास बैठक. पहिली-दुसरीच्या मुलांना तेवढाही नको. गोष्ट आणि पाढे पुरेत. वेळ रोज तीच असावी, काम थोडे असावे. वेळ संपली की अपुरे राहिले तरी वही मिटावी. समोर बसणारा पदवीधर शिक्षक हवा असेही नाही. गावातील बारावी झालेली मुलगी चालेल. पोडावर कोलामी जाणणारे कोणी असले तर उत्तमच. मराठीत वाचलेला धडा मुलाने कोलामीत सांगितला, की त्याला तो कळला किंवा नाही हे तत्काळ समजते.

गणेशोत्सवाला मंडप उभारणारे हात गावोगावी आहेत. रोजचा अर्धा तास देणारे कमी, कारण त्यात ना हार, ना वर्तमानपत्रातले छायाचित्र. कार्यकर्त्यांनी निदान दिवाळीच्या सुटीनंतर, वेचणी ऐन भरात असते त्या दोन-तीन महिन्यांपुरता तरी हा वेळ काढावा. एकाने सोमवार ते बुधवार, दुसऱ्याने गुरुवार ते शनिवार. रविवारी मुलांना सुटी.