अवकाशातली अचूकता जमिनीवर ठरते

अग्निबाण झेपावला की टाळ्या पडतात, वृत्तपत्रांचे मथळे सजतात. त्यानंतर वर्षानुवर्षे तो उपग्रह नेमका कुठे आहे हे जमिनीवरून मोजत बसणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ना टाळी येते, ना मथळा. ठाण्यात बाळकुम नाक्यावरून कशेळी पुलामार्गे भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या ट्रकचालकाला भ्रमणध्वनीवरचा नकाशा वाट दाखवतो, तो अशाच मोजणीच्या भरवशावर. दिशादर्शक उपग्रह ‘मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजले’ एवढेच सांगत असतो. त्यातले ‘इथे’ चुकले की खालचे सारे चुकते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. पुलावरचा ट्रक मग नकाशावर खाडीत दिसायचा!

उपग्रहाला स्वतःचे ठिकाण ठाऊक नसते. ते खालून कळवावे लागते. ‘नाविक’ या भारतीय प्रणालीची मोजमापे बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील केंद्रात जमा होतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते आणि अशा असंख्य अंतरांवरून कक्षा. चंद्र-सूर्याची ओढच नव्हे, तर सूर्यप्रकाशाचा अतिसूक्ष्म दाबही उपग्रहाला ढळवतो. म्हणून गणित मांडायचे, निरीक्षणाशी ताडायचे, फरक दिसला की पुन्हा मांडायचे. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यात अयनांशावरून मतभेद होते. पण पंचांगातला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, या दृक्प्रत्ययाच्या आग्रहात दोघे एक होते.

आपली अडचण भूगोलाची आहे. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून पाहता तीन हजार किलोमीटर पसरलेला हा देश जेमतेम पाच अंशांत मावतो. देशातली सारी स्थानके जणू एकाच दिशेने पाहतात. उपग्रहाचे अंतर उत्तम कळते, त्याचे आडवे सरकणे तितके नेमके कळत नाही. अमेरिकेच्या जीपीएसची निरीक्षणस्थानके मात्र हवाई, असेन्शन बेट आणि थेट हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियापर्यंत पसरलेली. त्याच अमेरिकेने मे २००० पर्यंत नागरी वापराचा संदेश हेतुपुरस्सर सदोष ठेवला होता, हेही ध्यानात असलेले बरे.

‘नाविक’चा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे त्यावरची आयात अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ मध्ये स्वदेशी घड्याळ बसले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचला नाही. त्याच वर्षी जुलैत सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार अकरांपैकी चारच उपग्रह स्थाननिश्चितीचे काम करीत होते. स्थान ठरवायला किमान चारच लागतात. म्हणजे हाताशी एकही जादा नव्हता.

नवे उपग्रह हवेतच. पण ‘नाविक’च्या कक्षांची लेझर किरणांनी पडताळणी करण्यासाठी परदेशी वेधशाळांचा आधार घ्यावा लागला आहे, याची चर्चा कुणी करीत नाही. स्वतःच्या लेझर वेधशाळा, मित्रदेशांच्या भूमीवर दूरदूर पसरलेली स्थानके आणि कक्षागणितात मुरलेले तरुण यांसाठीची तरतूद पुढच्या उपग्रहाच्या खर्चातच धरली पाहिजे.