पुन्हा कधी येणार?



३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं १९९२ साली तो ठरवला. त्या दिवशी आपल्याकडे प्रभातफेरी निघते, घोषणा होतात आणि काही शाळांची मुलं जवळच्या निवासी संस्थेत केळी-बिस्किटं वाटून येतात. आमच्या वर्गात अशा भेटीचा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तिथं जाऊन आपल्याले काय करा लागते?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याच्याबद्दलच बोलू या.

आधी सांगा, तिथं राहतं कोण? ज्यांना समजायला, शिकायला, बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि रोजच्या कामांत कुणाची तरी मदत लागते, अशी माणसं. पूर्वी त्यांना 'मतिमंद' म्हणत. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा आला आणि तो शब्द मागे पडला. आता 'बौद्धिक दिव्यांग' म्हणतात. आपण मात्र कुणाचं गणित चुकलं की लगेच 'येडं' म्हणून मोकळे होतो! तो शब्द आजपासून बंद, बरं का.

आणखी एक घोटाळा दूर करू. बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं आणि मनाचा आजार वेगळा. मनाचा आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. आपल्याच जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथं नंदकुमार आणि आरती पालवे या दांपत्यानं 'सेवासंकल्प' हा प्रकल्प उभारला, तो रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांसाठी. बौद्धिक दिव्यांगत्व मात्र लहानपणापासूनच असतं. तो आजार नव्हे.

मग ते येतं कुठून? कधी जन्मताना बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. कधी लहानपणी मेंदूज्वर होतो. कधी आईच्या पोटात असताना आयोडीन फार कमी मिळतं. आणि कधी पेशींतच फरक असतो. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. काही बाळांमध्ये २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात, म्हणजे एकूण ४७. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. त्याचं हे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उजेडात आलं. त्याचा जागतिक दिवसही २१ मार्चला असतो. २१ वं गुणसूत्र तीन वेळा, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख! तेव्हा यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, मागच्या जन्मीच्या पापाचा नाही. आणि शेजारी बसल्यानं तर ते मुळीच लागत नाही.

आता आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चला. परतवाड्याजवळ वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ आणि दिव्यांग मुलांसाठी स्व. अंबादासपंत वैद्य बालगृह चालवलं. कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं, कुणी रस्त्यावर सोडून दिलेलं. अशा १२३ मुलांना बाबांनी वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. त्या मुलांच्या हातांनी तिथल्या उजाड जमिनीवर हजारो झाडं उभी राहिली. २०२४ साली बाबांना पद्मश्री जाहीर झाली.

बाबा एक मागणी वर्षानुवर्षं करत आले. बालगृहात वयाच्या १८ वर्षांपर्यंतच राहता येतं, असा नियम. पण ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तो १८ वर्षांचा झाला म्हणून जाणार कुठं? अशा मुलांना मोठेपणीही तिथंच राहू द्या, कारण ते त्यांचं घर आहे, असं बाबांचं म्हणणं.

मित्रांनो, 'घर' हा शब्द इथं पक्का लक्षात ठेवा. निवासी संस्था म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे, की आलो, पाहिलं, फोटो काढला आणि निघालो. ते कुणाचं तरी घर आहे आणि आपण तिथं पाहुणे आहोत. पाहुणा दुसऱ्याच्या घरी कसा वागतो? न विचारता कपाट उघडत नाही, झोपलेल्याचा फोटो काढत नाही आणि यजमानासमोरच "याला काही समजते का हो?" असं विचारत नाही. त्यांना सगळं बोलता येत नसेल, पण आवाजातला सूर बरोबर समजतो.

आणि हाक कशी मारायची? चाळिशीच्या माणसालाही लोक "ए बाळा" म्हणतात. का बरं? गावातल्या चाळिशीच्या माणसाला आपण काका म्हणतो ना? मग यांनाही काकाच म्हणायचं. वीस-बावीस वर्षांची असेल तर ताई, दादा. बोललेलं समजायला वेळ लागतो, म्हणून लहान वाक्यं बोला आणि उत्तराची वाट पाहा. मनात दहापर्यंत आकडे मोजा, हवं तर. कुणी मोठ्यानं ओरडलं किंवा हात घट्ट धरला, तर घाबरून पळू नका आणि हसूही नका. शांतपणे तिथल्या ताईंना हाक मारा.

आता कामाचं. समजा, एका दादाला शर्टाची गुंडी लावायला शिकायची आहे. आपण काय करतो? "दे इकडे" म्हणून पटकन लावून देतो. आपलं काम झालं, त्याचं शिकणं राहिलं. विशेष शाळेतले शिक्षक उलटीकडून सुरुवात करतात. गुंडी काजात अर्धी घालून देतात आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याला करू देतात. ते जमलं की एक पायरी मागं येतात. प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं, म्हणून त्याचा हुरूप टिकतो. याला आठवडे लागतात, कधी महिनेही.

दुसरी युक्ती ऐका. मेणबत्त्यांचं दहाचं पाकीट करायचं आहे, पण दहापर्यंत मोजता येत नाही. मग पुठ्ठ्यावर दहा मेणबत्त्यांच्या आकृत्या काढायच्या. प्रत्येक आकृतीवर एक मेणबत्ती ठेवायची. सगळ्या जागा भरल्या की पाकीट तयार! असा पुठ्ठा तर चौथीतलं मूलही करून देऊ शकेल. "काय करा लागते" याचं हे एक उत्तर झालं.

पण सगळ्यात मोठं उत्तर वेगळंच आहे. निघताना तिथं कुणी तरी हात धरून विचारतं, "पुन्हा कधी येणार?" आपण सहज म्हणून जातो, "येऊ हं!" आपल्यासाठी ते निरोपाचं वाक्य असतं. त्यांच्यासाठी तो शब्द असतो. फाटकाकडे बघत कुणी तरी खरोखर वाट पाहतं. म्हणून यायचं नसेल, तर "येतो" म्हणू नका. यायचं असेल, तर तारीख सांगा, तिथल्या कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी जा. वर्षातून एकदा शंभर मुलांनी जाण्यापेक्षा त्याच पाच मुलांनी महिन्यातून एकदा जाणं केव्हाही बरं. नावं पाठ होतात, सवयी कळतात, ओळखीची मैत्री होते. केळ्यांनी पोट भरतं, पण मैत्री नाही होत.

पालकांनो, आता तुम्हाला दोन शब्द. मुलांना पाठवण्याआधी संस्थाचालकांची परवानगी घ्या, काय हवं ते त्यांनाच विचारा आणि सोबत एक मोठं माणूस असू द्या. आणि "बघ, देवानं तुला किती चांगलं दिलं" हे सांगायला मुलांना तिथं नेऊ नका. दुसऱ्याचं घर हा काही आपल्या मुलांचा धडा नाही.

तर दोस्तांनो, जमेल ना? पहिल्या भेटीबद्दल नका लिहू. दुसऱ्या भेटीत काय झालं, ते मला कळवा!